मास्क सोसतो का?

"फोडा पाकीट, सिस्टर," डॉक्टर देवस्थळी म्हणाले.

मी पाकीट उजेडाकडे धरलं. "मास्क निघणार."

"कशावरून?"

"माझ्या हातात आहे म्हणून."

फोडलं तर आतल्या चिठ्ठीवर खरंच मास्क निघाला. डॉक्टर हसत कागदावर लिहायला लागले आणि मी चार नंबरच्या पलंगाकडे गेले. तिथं शेवंताक्का बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानाशी आलेले, ओठ जांभळे. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून आदल्या दिवसापासून बसूनच होत्या. पाठीमागं त्यांची मुलगी शालन आपल्या अंगाचा टेका देऊन उभी होती. पस्तीस वर्षं या बाईनं चुरमुऱ्याच्या भट्टीसमोर बसून काढलेली. भुशाचा धूर नुसता पीत आलेली बाई, फुप्फुसांत राहतंय काय?

"सिस्टर, घशात नळी घालणार व्हय?" शालननं विचारलं. "शेजारच्या नानांना घातलेली. ते परत आलेच न्हाईत."

"अगं, नळी घालायला लागू नये म्हणूनच तर हे सगळं." मी मास्क दाखवला. "हा नाकातोंडावर बसतो. मशीन आत हवा ढकलतं, दमलेल्या छातीला आराम मिळतो. तीन-चार दिवस सोसलं की आई भट्टीवर."

"भट्टीवर नगं. घरला आली तरी बास."

मी मास्क लावला, पट्टे ओढले, कडेनं बोट फिरवून पाहिलं. कुठून फुस्स नाही की फास्स नाही. मशीनचा आकडा जागेवर येऊन थांबला. डॉक्टर म्हणाले, "कमाल आहे हं तुमची." मी ते नीट ऐकून घेतलं.

याला आता तेरा वर्षं झाली. आमचं इस्पितळ कृष्णाकाठी होतं एवढंच सांगते, नाव घेत नाही, कारण यात त्याचा काही दोष नाही. माझं आडनाव रणभिसे. वीस वर्षं मी छातीच्या वॉर्डात काढलेली, आणि मास्क बांधण्यात माझा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं. दुसऱ्या वॉर्डात कुणाचा मास्क गळायला लागला, मशीन बोंबलायला लागलं, की निरोप यायचा, रणभिसेंना बोलवा. मी जायची, दोन पट्टे सैल करायची, एक ओढायची, झालं. माझ्या हातचा मास्क गळत नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायची. लाज कसली? खरंच होतं ते.

मग हे देवस्थळी आले पुण्याहून. चौतिशीतला पोरगेला माणूस, हुशार, बोलायला गोड. येताना ती नवी वस्तू घेऊन आले. ते तिला हेल्मेट म्हणायचे. पारदर्शक प्लास्टिकची मोठी टोपी, अख्खं डोकं आत, गळ्याभोवती रबराची कॉलर, काखेतून दोन पट्टे. हवा आत त्या टोपीत सोडायची. नाकाला कशाचा स्पर्श नाही, तोंड मोकळं. पेशंट लोकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव बरणी ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हीपण बरणीच म्हणायला लागलो.

डॉक्टरांना दोन्हींची तुलना करायची होती. नळी न घालता दम सावरायला मास्क बरा की बरणी बरी. साठ पेशंट, साठ बंद पाकिटं. कुणाला काय लावायचं ते आपण ठरवायचं नाही, पाकीट ठरवणार. पण एक सोय ठेवली होती. दर सहा तासांनी पेशंटला विचारायचं, आणि ज्याला मास्क मानवत नाही त्याला बरणीत घालायचं. बरणीतल्याला नको झालं तर त्याला मास्क.

त्या विचारण्याचा कागद डॉक्टरांनी मराठीत करून आणला. त्यावर लिहिलं होतं, 'रुग्णाची मास्कबाबत सहनशीलता समाधानकारक आहे का?'

मी म्हणाले, "डॉक्टर, हे असं विचारलंत तर आमचं म्हातारं माणूस तुम्हालाच विचारेल, तुमची तब्येत बरी आहे ना म्हणून."

"मग काय लिहू?"

"सोसतो का, असं लिहा. दूध सोसतं, गोळी सोसत नाही, असं म्हणतात ना लोक? मास्क सोसतो का. सगळ्यांना कळेल."

त्यांना फार आवडलं. लगेच खोडून तसं लिहिलं. मास्क सोसतो का? होय, नाही. दोन चौकोन. तो शब्द माझा होता, हे लक्षात ठेवा.

आणि खरं सांगायचं तर ती बरणी मला पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती. तिला हात लागत नाही, हातोटी लागत नाही. माप घ्या, डोक्यावरून उतरवा, पट्टे अडकवा. काल आलेल्या मुलीनंही घालावी. मग वीस वर्षं मी काय केलं? हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं.

त्या वेळी सहा नंबरला पिराजी मास्तर होते, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या पाकिटात बरणी निघालेली. स्वारी बरणीत बसून पेपर वाचायची, बाजूच्या झाकणातून नळी घालून चहा ओढायची आणि आतून ओरडायची, "सिस्टर, चंद्रावर पोचलो की कार्ड टाकतो!" सगळा वॉर्ड हसायचा. शेवंताक्का टक लावून त्यांच्याकडं बघत राहायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पाजायला मी मास्क काढला तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तरास्नी त्या बरणीत बरं वाटतंय जणू?"

"कसलं बरं? आत नुसता घोंगाट असतो, कानठळ्या बसतात. आणि घाम. लोणच्यासारखं मुरायचंय का तुम्हाला?"

त्या हसल्या. हसताना खोकला आला. मी पाठ चोळली आणि मास्क परत बांधला, नेहमीसारखा. नाकाच्या दांड्यावर तोवर लाल वळ उठला होता.

आठच्या सुमाराला डॉक्टर कागद घेऊन आले. वाकून मोठ्यानं विचारलं, "आजी, मास्क सोसतो का?"

अक्का मास्कच्या आतून काहीतरी बोलल्या. मशीनचा आवाज होता, खिडकीखाली कुणाची तरी मोटारसायकल फुरफुरत होती.

"काय म्हणाल्या?" डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी उशाशी होते, जवळ.

"सोसतो म्हणाल्या."

"छान." त्यांनी 'होय'च्या चौकोनात खूण केली. "तुम्हीच विचारत जा आता. तुमच्याशी मोकळ्या बोलतात."

मग मीच विचारत राहिले, मी नसेन तेव्हा दुसऱ्या सिस्टर. कागदावर खुणा वाढत गेल्या. सगळ्या एकाच रांगेत.

दुपारी शालननं मला गाठलं. भाकरीचं फडकं तसंच हातात. "सिस्टर, रागावणार न्हाई न्हवं? आईला त्या बरणीत घातलं तर?"

"पाकिटात निघालं ते लावायचं असतं, बाळ. तसा नियम आहे. आई सोसत नाही म्हणाली तर बदलू की. म्हणाली का तसं?"

"माझी आई न्हाई म्हणंल व्हय कधी?" शालन म्हणाली. "बाबा हुते तवा त्यास्नी न्हाई म्हणाली न्हाई, आता तुमास्नी म्हणंल?"

मला ते झोंबलं. "म्हणजे मी काय जुलूम करतेय का तुझ्या आईवर?"

"तसं न्हवं ओ." ती गांगरली. "नाक सोललंय एवढंच म्हणती मी."

मी ताडताड गेले, कापसाची गादी केली, वळावर मलम लावून ती ठेवली आणि वरून मास्क बांधला. गादीमुळं थोडी हवा गळायला लागली, म्हणून पट्टा अजून एक घर ओढला. अक्कांनी डोळे मिटून घेतले. मी म्हणाले, "आता कसं? आता टोचणार नाही." त्यांनी मान हलवली. बिचाऱ्या कशालाही मान हलवायच्या.

त्याच संध्याकाळी मास्तर बरणीतून बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले. जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सिस्टर, ते तुमचं मास्क प्रकरण माझ्या नशिबात नव्हतं, बचावलो." गमतीनं म्हणाले. पण मी दिवसभर तेच चघळत बसले. कपाटात अजून एक कोरी बरणी होती, पिशवीसुद्धा न फोडलेली.

तिसऱ्या दिवशी वळाची जखम झाली. अक्का मधूनच अंगठा पट्ट्याखाली घालून मास्क जरासा उचलायच्या. उचलला की हवा निसटायची आणि मशीन ओरडायचं. मी लांबूनच दरडावायची, "अक्का! हात खाली!" हात खाली यायचा, लहान पोरासारखा. रक्तातल्या वायूचा आकडा सुधारत होता, पण हळू. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस असं राहिलं तर मशीनवरून सुटतील. शालन ते दोन दिवस बोटांवर मोजत होती.

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि थबकले. "सिस्टर, हे बरं दिसत नाही. बदलायचं का आपण? हेल्मेट आहे ना कपाटात?"

"आहे. पण त्या सोसतो म्हणतायत ना, डॉक्टर. सहा वेळा विचारलंय, सहाही वेळा. मग कशाला मधेच बदलायचं? तुमची तुलनाच बिघडेल."

त्यांनी कागदावरच्या खुणा पाहिल्या. मग म्हणाले, "ठीक आहे. तुमच्यावर विश्वास आहे माझा."

चौथ्या दिवशी दुपारी दोनला पाळी बदलत होती. शालन खाली जेवायला गेलेली. मी नव्या सिस्टरला, जयवंता नावाच्या मुलीला, एकेका पेशंटची हकीकत सांगत होते. चार नंबरचं मशीन ओरडलं. माझी पाठ तिकडं होती. मी हात मागं करून बटण दाबलं, आवाज बंद केला.

"बघायचं नाही का?" जयवंतानं विचारलं.

"माझा मास्क गळत नाही," मी म्हणाले. "अक्का चाळा करतात, बाकी काही नाही."

थोड्या वेळानं परत ओरडलं. मी परत दाबलं. पाच नंबर सांगून झाला, सहा नंबरला आलेला नवा पेशंट झाला, मग पलीकडच्या खोलीतले तिघे सांगितले. टेबलाशी येऊन अक्कांचा कागद काढला, दोनची खूण राहिली होती. ती 'होय'मध्ये केली. विचारलंही नाही. पेन खिशाला लावून वळले तर अक्कांचा मास्क हनुवटीवर आलेला, अंगठा अजून पट्ट्यात, आणि मान छातीवर पडलेली.

किती वेळ तसा होता देव जाणे. हाका मारल्या, गाल थोपटले, डोळे उघडले नाहीत. मग धावपळ. जी नळी घालायची नव्हती तीच घातली. शालन जिना चढून आली आणि दारातच खाली बसली. ती ओरडलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "नळी न्हाई म्हणला हुता न्हवं?"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का गेल्या.

कुणीही मला दोष दिला नाही. फुप्फुसं आधीच गेलेली होती, पेशंटनं स्वतः मास्क काढला, असं कागदावर आलं आणि ते खोटं नव्हतं. जयवंता एक अक्षर बोलली नाही, पण त्यानंतर ती माझ्या पाळीला जोडून पाळी घेईना.

सहा महिन्यांनी साठ पाकिटं संपली. इस्पितळाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला, बाहेरगावचे डॉक्टर आले. देवस्थळींनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि शेवटी वाचलं, की अनुभवी हातांनी बांधलेला मास्क रुग्णांना हेल्मेटइतकाच सोसतो, दोन्हींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. मग मला व्यासपीठावर बोलावलं. शाल पांघरली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. उन्हाळ्याचे दिवस, ती लोकरी शाल मानेला नुसती चावत होती. कोणी म्हणालं, दोन शब्द बोला. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली आले.

चहाच्या वेळी मी डॉक्टरांना बाजूला घेतलं. मनाशी ठरवून आले होते. "डॉक्टर, त्या चार नंबरच्या अक्का..."

"त्या आपण धरल्या आहेत, सिस्टर," ते लगेच म्हणाले. "मृत्यूंमध्ये त्यांची नोंद आहे. लपवलेलं काही नाही."

"ते नाही. मास्क त्यांना..."

"सोसत होता. हो, तिथंही आहेत. दहा वेळा होय. कागद स्वच्छ आहे तुमचा." त्यांनी माझ्या खांद्यावर, त्या शालीवर, हात ठेवला. मी तोंडात आलेलं तसंच चहाबरोबर गिळलं.

तुम्हाला मात्र सांगते. त्या पहिल्या सकाळी अक्का 'सोसतो' म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, "सोसती."

सोसती की, बाई. असं म्हणाल्या होत्या. आमच्याकडची बाई स्वतःबद्दल बोलताना असंच म्हणते, जाती, येती, करती. मास्क सोसतो म्हणजे मानवतो. मी सोसती म्हणजे मी भोगतेय, तोंड दाबून. डॉक्टर पुण्याचे, त्यांना ऐकू आलं असतं तरी कळलं नसतं कदाचित. मी इथलीच. मशीनच्या आवाजात, मोटारसायकलच्या आवाजात मला लख्ख ऐकू आलं होतं. आणि पुढं ज्या ज्या वेळी मी विचारलं, त्या त्या वेळी तेच आलं. सोसती. मी दर वेळी खूण केली. का? तर मास्क माझ्या हातचा होता. रणभिसेंचा मास्क एका चुरमुरेवालीला सोसला नाही, असं त्या कागदावर येऊ द्यायचं नव्हतं मला. यापलीकडं दुसरं कारण नाही. शोधलं मी पुष्कळ.

बरणीत त्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. देवस्थळींचा निबंध वाचला तर नसत्या वाचल्या, कारण दोन्हींत फरक नाही असं त्यात लिहिलंय. आणि ते लिहिलंय माझ्या खुणांवर.

पुढच्या वर्षी, बाजाराच्या दिवशी, मी भाजी घेऊन परतत होते. मागनं हाक आली, "ओ सिस्टर!" पाहिलं तर शालन. मंडईच्या कोपऱ्यावर चुरमुऱ्याची पाटी लावून बसलेली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं उठून माझ्या पायाला हात लावला.

"अगं, हे काय?" मी मागं सरकले.

"तुमी लई केलं आईचं." ती पुडी बांधायला लागली. मी नको नको म्हणत होते तरी माप भरून ओतत होती. "सख्ख्या लेकीवानी मलम लावत हुता. आई लई नाव काढायची तुमचं."

"काय म्हणायची?"

"मी म्हणलं हुतं तिला, सांग की सिस्टरना, टोचतंय म्हणून. त्या बदलत्यात. तर मला गप कर म्हणाली." शालननं आईसारखा अंगठा गालाजवळ नेऊन मास्क उचलल्याची खूण केली. "म्हणाली, नगं. ती बाई किती मन लावून बांधती. नगं म्हणलं तर तिला वाईट वाटंल. मी सोसती."

मला पुढचं काही दिसेना. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि पदर सारखा करायचं निमित्त केलं.

शालन माझ्याकडं बघत होती. राग नव्हता तिच्या तोंडावर, नुसतं विचारल्यासारखं होतं. "तुमास्नी कळलंच न्हाई न्हवं, सिस्टर? एवढं सोसती म्हणून?"

"नाही ग," मी म्हणाले. "कळलं नाही."

"कसं कळणार? आई बोलायचीच तसं," असं म्हणून तिनं पुडीवर आणखी एक मूठ चुरमुरे घातले आणि दोरा गुंडाळून पुडी माझ्या हातात दिली.